विळ्याचं टोक

१

सोमवार म्हणजे विळ्याचा वार. गेली चार वर्षं ताईचा आठवडा असाच सुरू व्हायचा. चपला दाराबाहेर, पायांत रबरी सपाता, काळा पडदा सारायचा आणि आत. संस्थेत सगळे तिला ताईच म्हणायचे, अगदी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले, संस्था चालवणारे सरसुद्धा. तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीतला मोठा सूक्ष्मदर्शक ताईच्या ताब्यात होता. लोक आपापल्या काचा घेऊन यायचे आणि ताई त्यांना पेशींच्या आतले फोटो काढून द्यायची. टेबल हवेच्या उशांवर ठेवलेलं होतं, कारण बाहेरून साधा ट्रक गेला तरी चित्र हलायचं. एसीची घरघर, शटरची बारीक टकटक, याखेरीज तिथे आवाज म्हणून नसायचा.

यंत्राचं काम कसं चालतं हे तिने आपल्या लेकीला एकदा सांगितलं होतं. लेक सात वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. "अंधारात हजार काजवे एकदम पेटले तर काय दिसेल? नुसता उजेडाचा गोळा. पण एका वेळी दोन-चारच पेटले तर प्रत्येकाची जागा टिपता येईल की नाही? तसंच आहे ते." पेशीतल्या बारीक बारीक गोष्टींना रंगाचे कण चिकटवायचे, वरून लेझरचा झोत सोडायचा. कण एकेक करून लुकलुकतात, कॅमेरा टिपतो, संगणक ठिपका मांडतो. वीस हजार फोटो, चाळीस मिनिटं, आणि ठिपक्यांतून पेशीच्या आतलं जग उभं राहतं.

पण परक्याच्या काचा लावण्याआधी यंत्र ठिकाणावर आहे ना, हे बघावं लागतं. त्यासाठी एक ठरलेली काच असते. तिच्यावरच्या पेशी रसायनात थिजवलेल्या, मेलेल्या. मेलेलं हलत नाही, म्हणून तर त्याच्यावर भरवसा ठेवायचा. ही काच काचांच्या पेटीत कायम पहिल्या कप्प्यात असायची आणि कप्प्यावर ताईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये'.

त्या काचेवरच्या एका पेशीत एक तंतुकणिका होती. तंतुकणिका म्हणजे पेशीला ताकद पुरवणारे बारीक दोरे. हा दोरा विळ्यासारखा वाकलेला होता, म्हणून ताई त्याला विळाच म्हणायची. दर सोमवारी अकराला ती विळा शोधायची, फोटो काढायची, वहीत चिकटवायची. फोटोत खोली रंगाने कळते. निळं म्हणजे तळाशी, मग हिरवं, मग पिवळं, आणि तांबडं म्हणजे अगदी वर, भिंगाला लागून. विळा चार वर्षं निळा होता.

त्या सोमवारी विळ्याचं टोक हिरवं आलं.

२

ताई घाबरली वगैरे काही नाही. यंत्र म्हटलं की कुरबूर आलीच. तिने भिंगावरचं तेल पुसून नवा थेंब घातला, खोलीचं तापमान बघितलं, काच उलटी तर लागली नाही ना ते तपासलं. सगळं जिथल्या तिथे होतं. बाकीची पेशी निळी ती निळीच. तेवढं टोक सोडून.

तिने लेझरबुवांना फोन लावला. बुवा म्हणजे यंत्राची देखभाल करणारा इंजिनियर. वर्षातून एकदा हत्यारांची पेटी घेऊन यायचा आणि लेझरची अशी सेवा करायचा की हे नाव त्याला आपोआपच चिकटलं.

"टोकच तेवढं कसं हलेल हो?" बुवा म्हणाले. "हलेल तर सगळंच हलेल. मेलेली पेशी आहे ना?"

"मेलेलीच आहे."

"मग मेलेला उठून बसला म्हणा." ते खोकत खोकत हसले. "पुन्हा एकदा घेऊन बघा ताई. एका मोजणीवरून मी तर माझ्या बायकोवरही विश्वास ठेवत नाही."

तिने पुन्हा घेतली. बारा ते बारा चाळीस. या वेळी टोक पिवळं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ताईने कोणालाच सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी जुनी काच तिच्या हातून फुटली होती. नवी मागवायची तर तीन महिने लागणार आणि सर सगळ्यांदेखत पाणउतारा करणार. त्याच आठवड्यात तिच्या आईच्या पाठीवरचा मस काढला होता. डॉक्टर ओळखीचे. तिने त्यांच्याकडून कातडीचा बारीकसा तुकडा मागून घेतला, गुपचूप वाढवला आणि त्याची काच बनवून पहिल्या कप्प्यात ठेवून दिली. चोरीचा मामला, कोणाला पत्ता लागला नाही.

आणि काचही अशी निघाली की विचारू नका. एरवी लेझरच्या माऱ्याने रंग विझत जातो, सहा महिन्यांत काच निकामी होते. ही चार वर्षं तशीच उजळ होती. सर पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. ताईलाही त्याचा अभिमान वाटायचा. आज पहिल्यांदा तिला वाटलं, हा रंग विझला कसा नाही?

३

भिंगरी झाल्यापासून ताईची आई सगळ्यांचीच आजी झाली होती. घरात तिघीच. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. दिवसा आजीला सांभाळायला एक मावशी यायच्या.

त्या संध्याकाळी मावशी पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "आज आजींनी दोनदा केलं हं."

"काय दोनदा?"

"ते वर बघणं. सोमवारी करतात ना नेहमी. अकरा वाजले की मान अशी वर, हनुवटी छताकडे. हाका मारा, जेवायला वाढा, काही उपयोग नाही. पाऊण तासाने आपोआप खाली येते. मी तेवढ्यात भाजी निवडून घेते."

ताईच्या हातातला डबा हातातच राहिला. "कधीपासून करते?"

"मी आले तेव्हापासून बघतेय. म्हणजे दोन वर्षं झाली की. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"आणि आज दुसऱ्यांदा कधी?"

"बाराच्या ठोक्याला. गोळीची वेळ होती, म्हणून घड्याळाकडे लक्ष गेलं."

मावशी गेल्यावर ताईने डबा विसळून ठेवला. योगायोग म्हणून एक चीज असते, असं तिने स्वतःला बजावलं. म्हातारी माणसं वेळेची पक्की असतात. रात्री नऊच्या गोळीआधी ती आजीच्या केसांना तेल लावायला बसली आणि अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं.

"आई, सोमवारी वर काय बघत असतेस ग?"

"मी कुठे बघते?" आजी म्हणाली. "मला बघतात."

"कोण?"

"तूच की. आईला लेकीची नजर कळत नाही होय? तू तान्ही असताना मी तुला आंघोळ घालताना बघायचे, कुठे काही पुरळ नाही ना, लागलं नाही ना. तशी बघतेस." मग जरा थांबून ती म्हणाली, "आज दोनदा बघितलंस. थकायला होतं ग मला."

ताईने तेलाची वाटी खाली ठेवली. तिच्या हातांना घाम सुटला होता आणि तो तेलात मिसळत होता.

४

अक्कल सांगत होती, हे असं काही नसतं. ताईने आयुष्यभर अकलेचंच ऐकलं होतं. मग आता तिचंच ऐकून छडा लावायचा, असं तिने ठरवलं.

बुधवारी तिने मावशींना एक कागद आणि पेन दिलं. "आई वर बघायला लागली की वेळ लिहा. खाली बघितलं की ती पण लिहा. डॉक्टरांना दाखवायचं आहे." स्वतः कोणत्या वेळी काय करणार हे तिने कोणालाही सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. ती दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या काचा लावत राहिली आणि मध्येच, चहाचा कप अर्धा टाकून, उठली आणि विळ्याची काच लावली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

पडद्यावर ठिपके पडू लागले. पहिल्यांदा इथे एक, तिथे दोन, मग हळूहळू विळ्याचा आकार. ताई खुर्ची पुढे ओढून बघत राहिली. टोक आता तांबडं होतं. नुसतं तांबडं नव्हतं, त्याला आकार येत होता. बारीक गोल कड आणि मधोमध काळं. एकही ठिपका त्या काळ्यात पडत नव्हता. तिने चित्र मोठं केलं. कड आणखी गोल झाली. सगळा दोरा तळाशी आडवा आणि तेवढं टोक मान काढून वर आलेलं, तिच्याकडे.

तिला एकदम वाटलं की आपण पडद्यापासून बाजूला व्हावं. खोलीत कोणी नव्हतं, लाज कोणाची? तरी ती झाली नाही. चाळीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

संध्याकाळी मावशींनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तीन दहा ते तीन पन्नास'. खाली आणखी एक ओळ होती, 'आजी रडल्या'.

दुसऱ्या दिवशी ताईने विळ्याची काच काळ्या कागदात गुंडाळून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं. ती फोडून टाकावी असं तिच्या दहादा मनात आलं. पण फोडली आणि आईला काही झालं तर? कोणाला विचारायचं? हे विचारायला जावं असं माणूस जगात नव्हतं.

५

भीतीला पाय फुटले की ती घरभर फिरते. तंतुकणिका हा वारसा आईकडूनच मिळतो, बापाचा त्यात काडीचाही वाटा नसतो, हे ताईने कॉलेजातल्या मुलांना शंभरदा शिकवलं होतं. आजीचे दोरे तेच ताईचे दोरे. ताईचे तेच भिंगरीचे.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी तिने भिंगरीला न्हाणीघरात उभं केलं. "आ कर."

"दात पडलेला बघायचाय?"

"हो. मोठा आ."

कापसाच्या काडीने तिने गालाच्या आतून पेशी घेतल्या. भिंगरी खी खी हसत होती आणि काडी चावत होती. मग ताईने स्वतःच्या गालातून घेतल्या. संस्थेत जाऊन दोन्ही काचा बनवल्या, थिजवल्या, रंगवल्या. स्वतःची काच बाजूला ठेवली. भिंगरीची पेटीतल्या पहिल्या कप्प्यात. तो आता रिकामा होता, आणि त्या कप्प्याला ताईखेरीज कोणी हात लावत नाही हे सगळ्या संस्थेला पाठ होतं.

दुपारी तिने आधी स्वतःची काच लावली. चित्र पुरं झालं. सगळे दोरे आडवे, शहाण्यासारखे तळाशी झोपलेले, निळेशार. एक टोक म्हणून वर नव्हतं. ताई एकटीच हसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीला पुसलं. किती वेडेपणा करतो आपण, असं तिला वाटलं, आणि ते वाटणंसुद्धा किती गोड होतं.

पण हात कामाला सरावलेले. एक मोजणी म्हणजे मोजणी नव्हे. तिने तीच काच पुन्हा चालू केली.

त्या चाळीस मिनिटांतलं तिला पुढे फारसं आठवलं नाही. शटरची टकटक आठवत होती. आंघोळ घालणाऱ्या हातासारखं काहीतरी, नीट, काळजीपूर्वक, कानामागे, मानेवर, फिरतंय असं वाटलेलं आठवत होतं. काम संपल्याची शिटी वाजली तेव्हा ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती खुर्चीत मान मागे टाकून छताकडे बघत होती. मान आखडली होती, तोंड उघडं होतं, जीभ कोरडी पडली होती.

पडद्यावर, निळ्या दोऱ्यांत, एका दोऱ्याचं टोक हिरवं होतं.

म्हणजे आपण बघतो म्हणून ते उठतं. बघितलं नसतं तर झोपून राहिलं असतं. ताईला हे स्वच्छ कळलं. भिंगरीची काच अजून कोणी बघितली नव्हती. ती अंधारात होती, पहिल्या कप्प्यात. तिथेच राहू दे, आपण नाही बघायची, कधीच नाही. ताईने दोन बोटांनी पेटीचं झाकण लावलं, एखाद्या झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तसं.

६

तरी एक खात्री करून घ्यायची राहिली होती. सोमवारी कोणीच बघितलं नाही, तर आजी वर बघते का?

ताईने सरांना कळवलं, सोमवारी मी येणार नाही, आईला बरं नाही. चार वर्षांतला हा तिचा पहिला चुकलेला सोमवार. सर म्हणाले, खुशाल राहा, यंत्रालाही तेवढीच विश्रांती.

सकाळी भिंगरीला शाळेत सोडून ताई घरी आली. आजीला आंघोळ घातली, खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली. मावशींना म्हटलं, आज मी आहे, तुम्ही बाजारातून या. दहा वाजले. साडेदहा. आजी शेजाऱ्यांच्या सुनेबद्दल काहीतरी खमंग सांगत होती. अकराला पाच कमी असताना ताईने आजीचा हात हातात घेतला. अकरा वाजले. अकरा पाच. आजीची हनुवटी जागच्या जागी.

"अशी काय बघतेस माझ्याकडे?" आजी म्हणाली. "नाकाला काही लागलंय का?"

अकरा वीस झाले आणि ताईने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. आजीने तिच्या केसांतून बोटं फिरवली. ताई लहान मुलीसारखी रडली आणि तिला फार बरं वाटलं. संपलं सगळं. आता ते यंत्र दुसऱ्या कोणीतरी चालवावं. तिन्ही काचा कुठेतरी खोल पुरून टाकायच्या, न फोडता, आणि पुन्हा म्हणून त्यांच्या वाटेला जायचं नाही. शाळेत नोकरी मिळेल, शिकवण्या घेता येतील. पोट कुठेही भरतं.

"आज कोणी बघितलं नाही ग मला," आजी मध्येच म्हणाली. "मोकळं वाटतंय."

तेवढ्यात फोन वाजला.

७

भिंगरीच्या वर्गाच्या बाई होत्या. घाबरलेल्या नव्हत्या, जरा अवघडलेल्या होत्या.

"तुम्ही जरा येऊन जाल का? तसं काही नाही. पडली-बिडली नाही. पण जागेवरून हलत नाहीये."

"कोण, भिंगरी?"

"तेच म्हणते मी. तिला जागेवर बसवायला मला रोज घसा फोडावा लागतो. आज सकाळपासून हूं नाही की चूं नाही. मान वर करून नुसती छताकडे बघतेय. आधी वाटलं, खोडी काढतेय. मुलं हसली, मग मुलंही गप्प झाली."

"सकाळपासून म्हणजे किती वाजल्यापासून?"

"प्रार्थना झाली, हजेरी झाली. सव्वानऊ असतील."

ताईने फोन ठेवला की नाही हे तिलाच कळलं नाही. चप्पल पायांत सरकवत तिने तळघरातल्या खोलीचा नंबर लावला. पुष्कळ वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी फोन उचलला.

"बोला ताई," लेझरबुवा म्हणाले. "सुट्टीवर ना तुम्ही? आराम करा की."

"बुवा, तुम्ही तिथे काय करताय?"

"वर्षाची तपासणी. सरांनी शनिवारी फोन केला, ताई नाहीयेत, यंत्र मोकळं आहे, उरकून टाका. म्हटलं, बरं."

"काच कोणती लावलीय?"

"कोणती म्हणजे? पहिल्या कप्प्यातली. दरवर्षी तुम्ही तीच काढून देता, म्हणून आज माझी मीच घेतली. नवी बनवलीत वाटतं? झकास झालीय हो."

"किती वेळ चालू आहे?"

"सव्वानऊपासून थांबवलीच नाही. पूर्ण ताकदीने लावलीय. अजून वीस मिनिटं आणि—"

"बंद करा."

"अहो, मोजणी अर्धवट—"

"बुवा, तुमच्या पाया पडते. आत्ता बंद करा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बुवांनी पुढे वाद घातला नाही. फोनमधून शटर मिटल्याचा आवाज आला. मग लेझरच्या पंख्याची घरघर उतरत गेली आणि थांबली.

"केलं बंद," बुवा म्हणाले. "किल्ली काढून हातात घेतलीय. झालं समाधान? काय बिघडलंय तेवढं सांगा तरी. चित्र तर असं आलंय की मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे दोरे उभेच्या उभे, टोकं वर. कुंडीतली रोपं उन्हाकडे वळतात ना, तसे. पडदा नुसता तांबडालाल. खरं सांगू का, मघापासून मलाच कसंतरी होत होतं, जणू तेच—" ते थांबले. "एक मिनिट हं."

"काय झालं?"

ताई जिन्यात उभी होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवली.

"काय झालं, बुवा?"

"लेझर बंद आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "किल्ली माझ्या हातात आहे. खोलीत उजेड म्हणून नाही. पण पडद्यावर ठिपके येतायत, ताई." मग जरा वेळाने, स्वतःलाच पटवावं तसं, "कॅमेऱ्याचा दोष असेल."

८

शाळा दोन गल्ल्या सोडून होती. ताई धावत गेली. वाटेत कोणाला धक्का लागला, कोणी काही बोललं, तिने वळून बघितलं नाही. बंद तर केलंय, बंद तर केलंय, एवढंच ती मनात घोळवत होती. आजीची मान काम संपलं की खाली यायची. भिंगरीचीही येईल. का नाही येणार?

वर्गाच्या बाईंनी मुलांना मैदानात पाठवलं होतं. रिकाम्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, भिंगरी बसली होती. हात मांडीवर. पाय, जे कधी थांबायचे नाहीत, ते थांबलेले. हनुवटी वर आणि गळा ताणलेला, इतका की गिळलेलं दिसावं. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही एकदा वर बघून घेतलं. तिथे पंखा होता आणि पांढरं छत.

"बाळा," ताई म्हणाली. "मी आलेय."

"आई." भिंगरीने मान खाली केली नाही. आवाज मात्र नेहमीचाच होता. "तू नाहीयेस ना?"

"म्हणजे?"

"वरून बघणारी. आजी म्हणते, तू असतेस. मला पण आधी तसंच वाटलं. पण ते एक काका होते. खोकत होते."

लेझरबुवांचा खोकला जुना होता. भिंगरीने त्यांना कधी बघितलेलं नव्हतं.

"त्या काकांनी बंद केलं, राणी. मी सांगितलं त्यांना. आता कोणी बघत नाही. खाली बघ बरं. माझ्याकडे बघ."

"काका गेले, हो," भिंगरी म्हणाली. "आता दुसरे बघतायत."

ताईने कोण म्हणून विचारलं नाही. तिने बाकाशेजारी गुडघे टेकले, लेकीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि ते आपल्या खांद्याकडे ओढलं. डोकं येईना. सात वर्षांच्या पोरीच्या मानेत एवढी ताकद कुठून आली? तिने एक हात भिंगरीच्या डोळ्यांवर ठेवला. तळव्याखाली पापण्या उघड्याच होत्या.

"हात काढ ना," भिंगरी म्हणाली. "त्यांना नीट दिसत नाही."

बाई दारातून कोणालातरी हाक मारत होत्या. ताईला वर बघायचं नव्हतं. काहीही झालं तरी आपण वर बघायचं नाही, हे एकच तिला पक्कं ठाऊक होतं. आपण बघितलं तर लेकीला धरायला कोण उरेल? तिने डोळे जमिनीवर खिळवले आणि फरश्या मोजायला घेतल्या. एक, दोन, तीन. कानामागून, मग मानेवरून, ते फिरल्यासारखं झालं, नीट, काळजीपूर्वक. चार. पाच. सहाव्या फरशीवर खडूचा तुकडा पडला होता. सातवी भिंतीला लागून होती. मग भिंत आली. मग फळा, आणि फळ्यावर शनिवारची तारीख. मग घड्याळ. मग छताची कड.

लेकीला धरलेले दोन्ही हात केव्हाच मोकळे झाले होते, हे तिला जरा उशिराच कळलं.